मागचे दोन स्पीकर

"तुमची बसायची जागा कुठली?" बिजोयनं विचारलं, आणि मला उत्तर देता येईना.

प्रश्न काही अवघड नव्हता. तिवईवर पेनाएवढा माईक लावून तो हॉलच्या मधोमध उभा होता, एका हातात लॅपटॉप, पायाशी वायरींची वेटोळी. पाच स्पीकर आणि बेसचा काळा डबा खोक्यांतून बाहेर काढून भिंतींशी मांडून झाले होते. आता मशीन खोली ऐकणार होतं, मोजणार होतं आणि घरातल्या एका माणसाच्या कानांसाठी सगळा आवाज जुळवून देणार होतं. "ऐकू सगळ्यांनाच येईल हो चेट्टा," बिजोय म्हणाला, चेट्टा म्हणजे दादा, "पण अगदी चोख म्हणाल तर एकाच जागेवर. ती मुख्य बैठक. घरातला कर्ता माणूस बसतो ती. तेवढी दाखवा, पुढचं माझं काम." मी रोसिलीकडे पाहिलं. ती जेवणघराच्या दारात उभी होती, नाइटीवर टाकलेल्या टॉवेलाला ओले हात पुसत. तिनं सोफ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यांचं काय," ती म्हणाली, "कुठेही बसतात."

हे घर मी बांधलं. म्हणजे पैसे मी पाठवले. पाया भरला तेव्हा मी सौदीत, दम्मामला होतो, चौकटी बसल्या तेव्हा दम्मामला, आणि पाद्री येऊन खोल्याखोल्यांत पवित्र पाणी शिंपडून गेले तेव्हाही दम्मामलाच. दर दोन वर्षांनी चाळीस-पंचेचाळीस दिवस यायचो. सुट्टीवर आलेला माणूस घरात कुठे बसतो? भेटायला आलेले लोक बसले की उरलेल्या खुर्चीत बसतो. कायमचा परत येऊन दोन वर्षं होत आली तरी मी पेपर बाहेर व्हरांड्यात वाचतो, चहाही मला तिथेच मिळतो. सोफ्याचा डावा कोपरा रोसिलीचा. जपमाळ झाल्यावर गुडघे चोळत ती तिथे टेकते. खिडकीजवळची वेताची खुर्ची अम्माचीची, माझ्या आईची. तिच्यात आता इस्त्रीला जायचे कपडे बसतात. बिजोय माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा बाप चर्चच्या पेरुन्नाळला, म्हणजे जत्रेला, कर्णे आणि माईक भाड्यानं द्यायचा. त्यामुळे लोकांच्या घरात घुसून हुकूम सोडायची सवय त्याच्या रक्तातच होती. मी ओशाळलो, आणि ओशाळलो म्हणून चिडलो. "तूच ठरव," मी म्हटलं. "तुला बोलावलंय कशाला?"

जागेवरून एक भांडण खरं तर आदल्या दिवशीच होऊन गेलं होतं. टीव्हीला सरळ, मोठी भिंत एकच, पूर्वेची; पण ती रिकामी नाही. तिथे रूपक्कूड आहे, देवांच्या मूर्तींची काचेची पेटी, तिच्यात चोवीस तास जळणारा लाल दिवा. आमच्याकडे रोज सात वाजता घरचे सगळे त्या भिंतीसमोर गुडघे टेकतात. "टीव्हीसाठी देवाला हलवणार?" रोसिली म्हणाली होती. "म्हणजे उद्या मला हलवाल." "तुला हलवणारा अजून जन्माला यायचाय," असं मी म्हटलं, आणि शेवटी टीव्ही गेला समोरच्या, पश्चिमेच्या भिंतीवर. त्यामुळे टीव्ही बघायचा तर देवाकडे पाठ करून बसावं लागणार. रोसिलीला हे भांडण संपल्यावर लक्षात आलं, पण तोवर भिंतीला भोकं पडली होती. बिजोयनं फितीनं मापं घेतली. टीव्हीपासून, दोन्ही बाजूंनी, मागून. "मागच्या भिंतीला चिकटून नको," तो पुटपुटला, "पाच फूट सोडू." मग खाली वाकून त्यानं निळ्या चिकटपट्टीची फुली फरशीवर मारली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठला. "ही घ्या तुमची जागा."

मी ती फुली बघत राहिलो. अम्माचीची शवपेटी त्याच जागी होती. रूपक्कूडापासून पाच फुटांवर, खोलीच्या बरोबर मध्यावर. आमच्याकडे माणूस गेलं की तिथेच ठेवतात, हॉलमध्ये, देवासमोर. अप्पनला, माझ्या वडलांना, ठेवलं होतं तेही तिथेच. अप्पनला मी पाहिलं. अम्माचीला पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, तळहाताएवढं. रोसिली फुलीकडे बघून काहीतरी बोलणार होती. मग तिनं टॉवेल खांद्यावर सरळ केला आणि आत गेली. दोघांनाही एकच गोष्ट दिसली होती आणि दोघांनीही ती गिळली. बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकत्र बसून केलेलं काम हेच एक असेल.

होम थिएटरचं वेड मला लागलं ते दम्मामला. मी एका इलेक्ट्रॉनिक सामानाच्या गोदामात भांडारी होतो. पत्र्याची शेड, बाहेर पन्नास डिग्री, आत थंडगार, कारण सामानाला उष्णता चालत नाही. माणसांना चालते. ही असली खोकी मी सव्वीस वर्षं चढवली, उतरवली, खूण करून पुढे पाठवली, आणि एकातलाही आवाज कधी ऐकला नाही. खोक्यावर चित्र असायचं. कंपन्या बदलल्या, स्पीकर बारीक झाले, टीव्ही चपटे झाले, पण चित्र तेच राहिलं: मधल्या मऊ खुर्चीत एक माणूस, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला पोरं, सगळ्यांच्या तोंडावर निळसर उजेड. बायको आणि पोरं टीव्हीकडे बघत नसायची. त्या माणसाकडे बघून हसत असायची. दुपारच्या सुट्टीत खोक्यांना टेकून डबा खाताना मी त्या माणसाचा हेवा करत आलो. एवढा साधा हेवा मी दुसऱ्या कुणाचा केला नसेल. शेजारी बायको, हाताखाली मऊ हात असलेली खुर्ची, आणि ही माझी जागा आहे हे सगळ्यांना ठाऊक. आता बायको स्वयंपाकघरात, मुलगी आयर्लंडला नर्स, तिच्या पोरांना मल्याळम समजत नाही, आणि मधली खुर्ची अजून यायची होती. पण खोकं आलं होतं.

"आता पाच मिनिटं चिडीचूप," बिजोय म्हणाला. पंखा बंद, फ्रीज बंद, खिडक्या लावलेल्या. रोसिलीनं कुकरखालचा गॅस बंद केला आणि येऊन दाराशी उभी राहिली. माईक फुलीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. "मशीन एकेक स्पीकर वाजवून बघणार. कुणी खोकायचं नाही. बोललात तर तुमचं बोलणंही ते खोलीचाच भाग समजतं." आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून उभे राहिलो आणि मधल्या रिकाम्या जागेत तो माईक एकटाच. समोरून सर्रर्र असा आवाज गेला. मग डावीकडून. मग थांबून उजवीकडून. मग कितीतरी वेळ काहीच नाही, नुसता दुपारचा उकाडा. शांत बसायची सवय गेली की शांततेत नको तेच वर येतं. माझ्या बाबतीत गुरुवार वर आला.

तो गुरुवार म्हणजे सहा वर्षांपूर्वीचा. रोसिलीचा फोन आला होता. "अम्माचीचं काही खरं नाही. निघा." त्याआधी दोनदा असाच फोन आला होता आणि दोन्ही वेळा मी पळत सुटलो होतो. पहिल्या वेळी हातापाया पडून सुट्टी काढली, विमानात रडत आलो, शेजारच्या तमिळ माणसानं पाणी पाजलं; टॅक्सीतून उतरलो तर अम्माची पलंगावर उठून बसलेली. "विमानात जेवायला काय दिलं रे?" तिनं विचारलं. तेलाचे दिवे लावून जपमाळ म्हणणाऱ्या बायका हसायला लागल्या. दोन वर्षांनी पुन्हा तेच. पाद्री येऊन शेवटचा अभ्यंग करून, म्हणजे मरणाऱ्याला पवित्र तेल लावून गेलेले, आणि मी दारात पाऊल टाकताच तिनं डोळे उघडले. आठ दिवसांत कुडंपुळीचं आंबट घातलेली माशाची आमटी मागून खायला लागली. गावात थट्टा झाली. देवस्सी म्हणजे औषध आहे, लोक माझ्याबद्दल म्हणायचे, दम्मामहून मागवावं लागतं. मी पण हसलो. पण दोन्ही वेळा हक्काची रजा जळली, आणि तिकडे मॅनेजर दर वेळी विचारू लागला, तुझी आई मेली का मग? असलं ऐकून ऐकून माणूस निबर होतो. तिसऱ्यांदा रोसिलीचा फोन आला तेव्हा मी ट्रकच्या मागे उभा होतो, उन्हात, एक पाय पेटीवर. मी म्हणालो, "दोनदा उठून बसली, आताही बसेल. माझं तोंड बघायची हौस आली की ती मरायला टेकते. सुट्टी मिळते, पण मी काही येत नाही." मी फोन ठेवला. शनिवारी दुपारी अम्माची गेली.

बेसच्या डब्यानं फरशी हलवली तसा मी भानावर आलो. रोसिली डोळे मिटून उभी होती. तिला काय आठवत होतं कोण जाणे. मला पुढचंही आठवायचं नव्हतं, पण ते आलंच. शनिवारी संध्याकाळी धाकट्या भावाचा, पोरिंजूचा फोन. "चेट्टा, कधी पोचतोस? तू येईपर्यंत ठेवतो." आखाती मुलासाठी थांबायची आमच्याकडे पद्धतच आहे, त्यासाठी फ्रीजरची शवपेटी भाड्यानं मिळते. मला निघता आलं असतं. रात्रीचं विमान होतं, जागा होती. पण मी गुरुवारी बोललेलं वाक्य माझ्या जिभेवरून उतरत नव्हतं. ते घेऊन त्या पेटीसमोर जाऊन उभं कसं राहायचं? मला लाज वाटली. नुसती लाज, दुसरं काही नाही. आणि लाज वाटली म्हणून मी म्हणालो, "पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत आहे, बघतो." रविवारी म्हणालो, चावी मिळत नाही. सोमवारी सकाळी म्हणालो, तुम्ही उरकून घ्या. दोन दिवस तिला माझ्यासाठी बर्फात ठेवली होती.

नंतर ही गोष्ट वाढत गेली. गोष्टीचं असंच असतं, लोक हळहळले की ती अंग धरते. पहिल्या सुट्टीत नुसती तिजोरी होती. पुढच्या वेळी तिजोरीला चावीवाला आला, मुनीफ नावाचा. मग तो मुनीफ नेमका रियाधला गेलेला निघाला, बहिणीच्या लग्नाला. मग मी त्याच्या घराच्या दाराशी तीन तास बसलो. मग वाळूचं वादळ आलं. मुनीफ नावाच्या कुणाला मी कधी भेटलो नाही. पण आता विचाराल तर त्याच्या दाराचा रंग सांगू शकेन. आणि दर वेळी कत्रीना एळेम्मा, अम्माचीची सगळ्यात धाकटी बहीण, दोन घरं सोडून राहते ती, माझा हात हातात घेऊन म्हणायची, "काय रे तुझी दशा केली त्या लोकांनी." तिच्या त्या शब्दांवर मी सहा वर्षं काढली. कुणी तरी आपली कीव करतंय यात केवढा आधार असतो, हे आखातात राहिलेल्यालाच कळेल.

"झालं," बिजोय म्हणाला. पंखा पुन्हा सुरू झाला आणि आम्ही तिघंही सुटल्यासारखे हललो. त्यानं माईक उचलला आणि मीच आतून एकेरी सोफा ओढत आणून फुलीवर ठेवला. "बसा, कर्ते," तो हसत म्हणाला. मी बसलो. फार काही वाटलं नाही. "आता काहीतरी लावून बघू. तुमच्या घरची सीडी आहे का एखादी?" मी म्हटलं, सिनेमा लाव की. तो मान हलवायला लागला. "सिनेमाचा आवाज जुळवलेलाच असतो, त्यात काय कळणार? घरचं काहीतरी लावलं की खोली कशी बोलते ते समजतं." रोसिलीनं कपाटाच्या खणातून डबा आणला. मुलीच्या लग्नाची सीडी होती, तिच्यावर ओरखडे. बिजोयनं ती उलटीपालटी करून परत दिली. "लग्नाची नकोच. लग्नाच्या सीडीवर सगळीकडे गाणी चढवलेली असतात, खरा आवाज एक नसतो. मयताची नाही का? मयताची सगळ्यात बरी. तिच्यात आवाज खरा असतो. मी सगळीकडे त्याच्यावरच लावतो."

रोसिलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "अम्माचीची आहे," ती म्हणाली.

मी नको म्हणू शकलो असतो. पण नको का, हे कुणी विचारलं असतं तर? आमच्याकडे मयताची सीडी लग्नाच्या सीडीशेजारीच ठेवतात, वर्षश्राद्धाला लावतात, पाहुण्यांना दाखवतात. आणि मला वाटलं, त्यात मला नवीन काय आहे? त्या सोमवारी स्टुडिओवाल्यानं सगळं थेट इंटरनेटवर सोडलं होतं, ते मी गोदामात खोक्यांच्या मागे उभा राहून फोनवर पाहिलंच होतं. मुकं पाहिलं होतं एवढंच. कामाच्या वेळेत फोन वाजलेला चालत नसे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आवाज लावायचं धाडस झालं नव्हतं.

पडद्यावर ही खोली आली. हीच खोली, उलटी. समोरच्या टीव्हीत माझ्या पाठीमागची भिंत, तेच रूपक्कूड, तोच लाल दिवा. मध्ये पेटी, काचेखाली अम्माचीचा चेहरा, नाकाशी कापूस, हातांत जपमाळ गुंडाळलेली. आणि ती जागा म्हणजे मी बसलो होतो ती. मी सोफ्याच्या हातांवर हात ठेवले आणि पुन्हा उचलले. मग घरघर सुरू झाली. बेसच्या डब्यातून, फरशीतून, माझ्या पायांतून वर येणारी जाड, न थांबणारी घरघर. "हे काय येतंय मधेच?" बिजोय लॅपटॉपवर वाकला. "वायरीत गडबड आहे की काय?"

"फ्रीजर आहे तो," रोसिली म्हणाली. "दोन दिवस चालू होता."

"कमी करतो." त्यानं काहीतरी दाबलं आणि घरघर खाली बसली. पाद्री ओप्पीस गात होते, मयताची प्रार्थना. त्यांचा आवाज समोरून येत होता, स्वच्छ. "आता बोलणं वर काढू," बिजोय म्हणाला, "आणि मागचे दोन थोडे सोडू. खोलीतला गलका त्यांच्यात जातो. म्हणजे तुम्ही तिथेच बसला आहात असं वाटेल." त्याला बिचाऱ्याला काय माहीत. त्यानं मागचे दोन सोडले आणि माझ्या पाठीमागे माणसं उभी राहिली. खोकणं, बांगड्या, कुणाचं तरी नाक ओढणं, लहान मूल. कॅमेरावाला जेवणघराच्या दाराशी उभा असणार, बायकांच्या घोळक्यात, कारण बायकांची कुजबुज पाद्रींच्या गाण्याहून जवळ होती. डावीकडून, माझ्या मानेपासून हातभर अंतरावर कत्रीना एळेम्मा म्हणाली, "देवस्सी निघाला की नाही?"

"येत नाहीत." हा रोसिलीचा आवाज.

"सोडत नाहीत का ते लोक?"

"सोडतात." थोडा वेळ नुसते पाद्री गात राहिले. "पासपोर्ट यांच्याच ट्रंकेत पडलाय. तिकडे यांच्याच खोलीत शेजारच्या पावलीचा नवरा राहतो, त्यानंच पावलीला सांगितलं. म्हणतात, दोनदा फुकट येऊन गेलो. मला फोनवर म्हणाले, माझं तोंड बघायची हौस आली की ती मरायला टेकते."

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, आणि तिच्यावर काळा स्पीकर. तिथून एळेम्मा म्हणाली, "त्याला म्हणावं, या खेपेला नाही उठायची ती." आणि बायका हसल्या. मोठ्यानं नाही, मयताच्या घरी हसतात तसं, नाकातून, एकमेकींना हातानं दाबत. मग पुन्हा रोसिली: "श्श, कॅमेरा आहे." पडद्यावर पोरिंजू पुढे झाला, आईच्या कपाळाचा मुका घेतला आणि तिच्या तोंडावर पांढरं कापड ओढलं. ते मी करायचं होतं. मोठा मुलगा मी.

बिजोयनं घसा खाकरला. त्यानं सीडी थांबवली नाही, पण बोटं लॅपटॉपवर उगाच फिरत राहिली. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आईबद्दल काही वाटलं नाही. मला वाटलं, सहा वर्षं. सहा वर्षं मी या लोकांना तिजोरी सांगितली, चावी सांगितली, मुनीफच्या दाराचा रंग सांगितला, आणि त्यांनी ती माना हलवत ऐकली. पोरिंजूनं ऐकली, पावलीनं ऐकली. चर्चच्या पायऱ्यांवर, लग्नांत, बारशांत. माझ्यासमोर "अरेरे" केलं आणि माझी पाठ वळल्यावर काय केलं असेल? ज्या हळहळीवर मी जगत होतो ती मला नाटक केल्याबद्दल मिळालेली टाळी होती. त्या क्षणी रोसिलीचा गळा धरावासा वाटला. मग तिच्याकडे पाहिलं. ती जेवणघराच्या दारातच होती, सीडीत उभी असेल अगदी तिथेच, आणि तिचा चेहरा लाल किंवा पांढरा काही झालेला नव्हता. इतक्या वर्षांनी बिल आलं आणि बाईनं ते बघून बाजूला ठेवलं, एवढंच त्या चेहऱ्यावर होतं.

"चेट्टा," बिजोय हळूच म्हणाला, "मागचे जरा कमी करू का?"

"नको," मी म्हटलं. "आहे तसं राहू दे."

"मग हेच सेव्ह करतो." तो घाईघाईनं वायरी गुंडाळू लागला. चहालाही थांबला नाही. चपला घालताना त्यानं नेहमीचं सांगितलं, की सोफा हलवला तर पुन्हा मोजावं लागेल. फाटक वाजलं. मी त्याच जागी बसून होतो. रोसिलीनं डबा उचलला, सीडी काढून घेतली, फडक्यानं पुसली आणि कागदी पाकिटात घातली.

"सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"कुणाला विचारताय, मला?"

"मग मला का बोलली नाहीस? इतकी वर्षं मी..."

"तुम्ही सांगत होतात," ती म्हणाली. "आम्ही ऐकत होतो. ऐकायला काय लागतं?"

"आईच्या प्रेतासमोर नवऱ्याची लाज काढलीस तू."

तेव्हा मात्र ती वळली. "तुम्ही नव्हतात," ती म्हणाली. "शनिवारपासून जो येईल तो मला विचारत होता, पोरगा कुठे, पोरगा कुठे. फ्रीजरवाला पण विचारायचा. तिच्यासमोर उभं राहून तुमच्यासाठी खोटं बोलायचं माझ्याच्यानं झालं नाही. तुमच्याच्यानं झालं असतं. तुम्ही आला असतात तर बोलून बघितलं असतंत." आणि तिनं कुकर पुन्हा गॅसवर चढवला.

सात वाजता कत्रीना एळेम्मा आली, रोज येते तशी, काठी टेकत, कनवटीला जपमाळ. अंगात पांढरी चट्टा, म्हणजे सैल पोलकं, कमरेला पांढरं मुंडू, कानांच्या पाळ्या लोंबलेल्या. ऐंशी ओलांडली आहे पण दारात पाय ठेवल्याबरोबर सगळं टिपते. टीव्ही टिपला, स्पीकर टिपले, मध्ये आलेला सोफा टिपला. "दुपारी माझ्या अंगणापर्यंत ओप्पीस ऐकू येत होता रे," ती म्हणाली. "मला वाटलं, आता कोण गेलं. मग कळलं, आमची त्रेस्याच, तुझी आई." रोसिली मेणबत्ती लावत होती, तिचा हात थांबला नाही. आम्ही टीव्हीकडे पाठ केली, रूपक्कूडाकडे तोंड केलं आणि गुडघे टेकले. जपमाळेच्या पन्नास नमस्कारमरिया मी म्हटल्या, पण त्यात माझं ध्यान नव्हतं. मी विचार करत होतो की काय काय ऐकू आलं असेल दोन घरं पलीकडे. फक्त पाद्री? की तिला तिचंच वाक्य ऐकू आलं, तिच्या अंगणात? प्रार्थना संपली. आमच्याकडे प्रार्थना झाली की धाकट्यांनी थोरांना स्तुती द्यायची. मी हात जोडून तिच्यासमोर वाकलो, म्हटलं, "येशूला स्तुती असो." "सदैव असो," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

मी तिला मधल्या सोफ्याकडे नेऊ लागलो. "छे, ती तुझी जागा," ती म्हणाली, आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतले कपडे बाजूला काढून तिथे बसली, बहिणीच्या खुर्चीत. रोसिलीनं तिच्यासाठी अच्चप्पमची, साच्यातल्या कुरकुरीत गोड बिस्किटांची, बशी आणि काळी कॉफी आणली. एळेम्मानं एक अच्चप्पम मोडलं, बुडवलं, दात नसलेल्या तोंडात फिरवलं. मी मधल्या सोफ्यात बसून होतो, फुलीवर, पाच स्पीकरांच्या मधोमध, आणि मला इतकं एकटं कधी गोदामातही वाटलं नव्हतं. मग तिनं बशी मांडीवर ठेवली, मुंडूच्या टोकानं तोंड टिपलं आणि नेहमीच्याच मायेच्या स्वरात म्हणाली, "तेव्हा तुला सोडलं नाही ना रे त्या लोकांनी?"

रोसिली आत जायला निघाली होती. ती थांबली.

मी सांगू शकलो असतो. तीन शब्द होते. सोडत होते, एळेम्मा. तोंड उघडलंही. त्या म्हातारीचे डोळे माझ्यावर होते, पाणीदार, पांढुरके, आणि त्यात चेष्टा होती की दया, की दोन्ही, की ऐंशी वर्षांत तिला दोन्हीत फरकच उरला नव्हता, मला कळेना. मी म्हणालो, "पासपोर्ट तिजोरीत होता, एळेम्मा. कंपनीच्या. मी शनिवारीच गेलो मागायला. पण ज्याच्याकडे चावी होती, तो... तो..." आणि नाव येईना. सहा वर्षं घेतलेलं नाव, ऐन वेळी जिभेवरून गेलं. पंखा फिरत होता. मी दोन्ही हात सोफ्याच्या हातांवर ठेवून बसलो.

"मुनीफ," कत्रीना एळेम्मा म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

"मुनीफ. रियाधला गेला होता ना तो, बहिणीच्या लग्नाला. आणि तू त्याच्या दाराशी तीन तास बसलास." तिनं बशीतलं दुसरं अच्चप्पम उचललं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. "सांग की पुढे."

रोसिली जेवणघराच्या दारात उभी होती. मी पुढे सांगितलं.